रघूच्या घोड्यांचे कान

रघू, तुझ्या तेराव्याला मी पानावर बसलो, पण जेवलो नाही. तुझ्या थोरल्या भावाच्या ते लक्षात आलं. "मास्तर, लाडू तरी घ्या," म्हणत तो ताट घेऊन माझ्यापुढं उभाच राहिला. त्याला काय सांगणार? माझ्या खिशात मृणालचा कागद होता. मुंबईच्या ज्या गॅलरीनं तुझी चित्रं गेली दहा-अकरा वर्षं लावली आणि विकली, तिथली ही मृणाल. पुढच्या महिन्यात ती नाशकात तुझं प्रदर्शन भरवते आहे, तुझ्या स्वतःच्या गावात पहिल्यांदाच, आणि दारालगतच्या भिंतीवर लावायचा मजकूर मी लिहावा असं तिचं म्हणणं. दीडशे शब्द. मला सोपं जावं म्हणून तिनं स्वतःचा कच्चा मजकूर सोबत पाठवला होता. त्याचं पहिलंच वाक्य असं, की रघुनाथरावांनी आयुष्यभर काऊबॉय नावाच्या परदेशी स्वप्नाची थट्टा केली.

तुझ्या फोटोसमोर उभा राहून मी ते वाक्य तीनदा वाचलं. तू आणि थट्टा. चार माणसांत कुणाची चेष्टा करायची वेळ आली तर तू पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचास. काऊबॉयची तू थट्टा करत नव्हतास, त्याच्यावर जीव टाकत होतास, हे तुला, मला आणि तुझ्या बायकोला, म्हणजे वहिनींना, पक्कं ठाऊक होतं. आणि ही थट्टेची गोष्ट जगात पहिल्यांदा सांगितली ती मी. तुझ्या शेजारी उभं राहून, तुझ्या तोंडावर.

मजकूर द्यायला आता चार दिवस उरलेत. खरं लिहावं तर इतकी वर्षं पसरलेली गोष्ट मीच मोडायची, आणि मग लोक तुझी चित्रं बघून मनातल्या मनात हसतील की काय याची धास्ती. तसंच राहू द्यावं तर तुझ्या नावाखाली भिंतीवर खोटं लागतं, आणि ते तुझ्या पुतण्यांची पोरंही वाचतील. दोन्ही कागद पुढ्यात आहेत. लिहवत मात्र काहीच नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतोय. नाहीतरी चाळीस वर्षं माझं डोकं तूच खाल्लंस.

आपण ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या वर्गात भेटलो तेव्हा मला वाटलं होतं, मळ्यातला पोरगा आहे, पानंफुलं बरी काढेल. मखमलाबादला तुमचा गुलाबाचा आणि मेथी-कोथिंबिरीचा मळा. पहाटे फुलबाजारात माल टाकून तू वर्गात यायचास आणि तुझ्या बाकापाशी दुपारपर्यंत गुलाबाचा वास असायचा. एकदा स्मरणचित्राच्या तासाला सरांनी विषय दिला, 'आठवड्याचा बाजार'. आम्ही सगळ्यांनी टोपल्या, छत्र्या आणि भाजीवाल्या बायका काढल्या. तू काढलास एक लाकडी दुकानांचा रस्ता, दुकानापुढच्या आडव्या दांडीला बांधलेला घोडा आणि पायरीवर बसलेला टोपीवाला माणूस. सरांनी कागद उचलून विचारलं, "हा कोण रे?" तू उभा राहून म्हणालास, "बाजाराला आलाय, सर." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. सरांनी पासापुरते मार्क दिले. बाहेर आल्यावर तू मला एवढंच विचारलंस, "घोडा बरा झालाय का?"

हा माणूस तुला भेटला होता रविवार सकाळच्या इंग्रजी खेळाला. इंग्रजीचं तुला एक अक्षर कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. मेन रोडच्या रद्दीवाल्याकडून तू फाटकी इंग्रजी पुस्तकं आणायचास, त्यांची मुखपृष्ठं कापून वहीत चिकटवायचास आणि आतली पानं फुलांच्या पुड्या बांधायला द्यायचास. पण पडद्यावरचे घोडे कायम धुळीत आणि पळत, पुस्तकांवरचे बोटभर. त्यावरून घोड्याचा अभ्यास कसा होणार? मग तू पंचवटीतल्या घोडीवाल्याकडे जायला लागलास. लग्नात नवरदेव मिरवायला घोडी देणारा तो. लग्नसराई संपली की घोडी मोकळी, आणि तू तिच्यासमोर वही घेऊन उकिडवा. दोन-चारदा मीही आलो होतो. पांढरी मारवाडी घोडी, नाव राणी. तिच्या कानांची टोकं आत वळलेली, इतकी की कान टवकारले की टोकाला टोक टेकायचं. वरातीत नाचायची सवय, त्यामुळं नुसती उभी केली तरी पुढचा एक पाय उचलून धरायची. तू तिला वरून, खालून, समोरून, मागून, बसलेली, चारा खाताना, सगळी काढलीस. आणि मग तिच्यावर तुझा काऊबॉय बसवलास.

तिकडच्या घोड्यांचे कान सरळ असतात, हे तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. घोडा म्हणजे राणी, एवढंच आपलं ज्ञान. त्यामुळं पुढची कित्येक वर्षं तुझे सगळे काऊबॉय उजाड माळावर, कड्याच्या टोकाशी, मावळत्या उन्हात, मारवाडी कानांच्या आणि वरातीच्या पावलाच्या घोडीवर बसून फिरले. आणि तुझ्या स्वारांच्या चेहऱ्यावर इतका गंभीर भाव, की त्या उचललेल्या पायाकडे कुणाचं लक्षच जाऊ नये.

मी घाट काढले. नारोशंकराचं देऊळ, रामकुंडाच्या पायऱ्या, वाळत घातलेल्या साड्या, जलरंगात. नाशकात घाट काढणाऱ्याला 'हे का काढतोस' असं कुणी विचारत नाही. मला शाळेत नोकरी लागली, पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवण्यात वर्षं गेली आणि सुट्टीत घाट. तू मला मास्तर म्हणायला लागलास तो तेव्हापासून. त्यात थोडी टोचणी असायची, ती मला बरोबर लागायची.

तुझी रंगवायची जागा म्हणजे विहिरीवरची मोटारीची खोली. वीज आली की मोटार सुरू व्हायची आणि भिंतींपासून कॅनव्हास ठेवायच्या इझलपर्यंत सगळं थरथरायचं. त्या वेळात तू वाफ्यांना पाणी भरायचास. वीज गेली की हातपाय धुऊन रंगवायला बसायचास. सगळं नाशिक भारनियमनाला शिव्या देत असताना तू त्याचं वेळापत्रक खिशात घेऊन खुशीत हिंडायचास. मोठ्या कॅनव्हासला जागा नव्हती, म्हणून तुझं एकही चित्र त्या खोलीच्या दारापेक्षा रुंद नाही. मृणालला ही सुद्धा तुझी शैली वाटली होती.

आपली भांडणं त्याच खोलीत व्हायची. मी म्हणायचो, "अरे, गुराखीच काढायचा तर आपला काढ. मेंढ्या घेऊन धनगर जातात की तुझ्या मळ्यावरून. तो फेटा काय, ती घोंगडी काय. रंगवायला किती आहे त्यात."

"धनगर एकटा नसतो, मास्तर," तू म्हणायचास. "त्याच्यामागं बायको, पोरं, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड. सांजच्याला समद्यांच्या जेवणाचं बघावं लागतं त्याला. ते मी घरी बघतोच हाय की."

घरी तुम्ही चौदा माणसं. तुमच्या घरात एकट्यानं चहा पिणं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. तू पायात चप्पल घातलीस की ओटीवरून एक, माजघरातून दोन आणि गोठ्यातून एक अशी विचारणा यायची. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, ही रीत सगळ्यांचीच, पण तुझ्या आईचा त्यावर कडक पहारा. कुणी न बोलता उंबरा ओलांडला तर ती त्याला परत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची आणि मगच 'येतो' म्हणवून सोडायची. एकदा असाच परत बोलावला जाऊन, पाणी पिऊन तू खोलीवर आलास आणि इझलवरच्या माणसाकडे बोट केलंस. "हा बघ. घोड्यावर बसतो आणि जातो. येतो म्हणत नाय. कुणी वाट बघत नाय, कुणी रागवत नाय. कसं वाटत असंल रे त्याला?"

मी म्हणालो, एकटं वाटत असेल, दुसरं काय.

"तेच तर," तू म्हणालास. "एकदा एकटं वाटून बघायचं हाय मला."

मी तेव्हा हसलो होतो. तू कुठंही गेला नाहीस, रघू. भावांची पोरं शिकवलीस, आईचं दुखणं काढलंस, पुतणीच्या लग्नात आठ दिवस ब्रशला हात लावला नाहीस, आणि याबद्दल तुझी एक तक्रार मी ऐकली नाही. त्या सकाळी पाट वळवायला गेलास तो वाफ्यातच बसलास आणि आडवा झालास. वहिनी मागं गोठ्यात होत्या. निघताना तू 'येतो' म्हणालास की नाही, हे त्यांना काही केल्या आठवत नाही, आणि त्यांचं सगळं रडणं त्यापाशी येऊन थांबतं. मी त्यांना सांगितलं, म्हणाला असेल, तो कधी चुकला नाही. मला ते माहीत नाही, पण सांगितलं.

आणखी एक भांडण आठवतं. मी कुठून तरी वाचून आलो होतो आणि मास्तरकी अंगात होती. म्हणालो, "तुझा हा माणूस ज्या जमिनीवर हिंडतो ती दुसऱ्यांकडून हिसकावलेली. आणि खरे गुराखी म्हणजे मजुरीवरची फाटकी माणसं होती, त्यात कितीतरी काळीसावळी. हे टोपी आणि बंदुकीचं सगळं सिनेमावाल्यांनी सजवलेलं." तू ब्रश धुवत ऐकून घेतलंस. पंधरा दिवसांनी निरोप पाठवून मला बोलावलंस. नवीन चित्रातला माणूस सावळा होता, तुझ्याकडे खुरपायला येणाऱ्या एखाद्या गड्यासारखा, गुडघ्यावर ठिगळ असलेला. कमरेला बंदूक नव्हती. "बंदूक काढली," तू म्हणालास. "पण टोपी राहू दे, मास्तर. टोपी लागती." त्यानंतर तुझ्या एकाही चित्रात बंदूक आली नाही. एवढं मोठं म्हणणं तू ऐकून घेतलंस, चित्रात उतरवलंस, आणि मी 'ठीक आहे' म्हणून चहा मागितला.

चांदवडला गेलो होतो तेही तुझ्याच हट्टापायी. एप्रिलचं ऊन, तुझी मोटारसायकल, मागं मी टोपरं बांधून. मालेगावच्या रस्त्याला चांदवडच्या अलीकडे तू गाडी थांबवलीस. सातमाळ्याचे डोंगर उघडेबोडके, माथे सपाट, मधेच एखादा सुळका, खाली पिवळं वाळलेलं गवत आणि चिटपाखरू नाही. तू रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ उभा राहिलास. "अमेरिकेला जायचं कशाला?" म्हणालास. "हे काय इथं हाय. फक्त तो नाय." मग गाडीवर बसून, पाठ ताठ करून, टोपी नसताना टोपी सारखी केल्यासारखं कपाळाला बोट लावलंस. मी हसत सुटलो आणि तूही. येताना पिंपळगावला मिसळ खाल्ली आणि तुझी पाठ आठ दिवस दुखली.

आता मुंबईचं.

नाशिकच्या आठ चित्रकारांचं प्रदर्शन होतं. तुझं नाव मीच घुसडलं होतं. सात जणांचे घाट आणि तुझे तीन काऊबॉय. मृणाल तेव्हा नुकतीच त्या गॅलरीत लागलेली, चष्मा कपाळावर, हातात वही. घाटांसमोरून ती झपाझप गेली आणि तुझ्या चित्रांपुढं थांबली. बराच वेळ थांबली. मग वळून तुला विचारलं, "हे कान मुद्दाम असे काढलेत का? अमेरिकन घोड्यांचे असे नसतात. आणि हा पाय उचललाय तो तर आपल्या वरातीतल्या घोडीसारखा."

तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. इतकी वर्षं जे बरोबर म्हणून काढलं ते चूक आहे, हे तुला पहिल्यांदा तिथं, परक्या माणसांत कळलं. तुझा चेहरा पडला, पण लगेच सावरून तू मोकळेपणानं सांगायला लागलास, "ते काय झालं, आमच्या पंचवटीत एक घोडी..."

आणि मी मधे पडलो. म्हणालो, "मुद्दामच. स्वार त्यांचा, घोडा आपला. त्यांच्या सगळ्या रुबाबाला रघूनं वरातीत नाचवलंय. त्याचा विनोद असाच असतो, हळूच."

मृणालचे डोळे चमकले. तिनं वहीत लिहून घेतलं. तीनही चित्रं त्या आठवड्यात गेली. घाट सगळे परत आले, माझे धरून.

तुझी फजिती होऊ नये म्हणून मी बोललो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. ते खरं नाही. मला लाज वाटली होती. एवढ्या जाणत्या लोकांत पन्नाशीच्या पुढचा एक माणूस सरळ मनानं, पोरासारखा काऊबॉय काढतो, आणि हा आमचा मित्र, असं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून तुझ्या प्रेमाला मी विनोदाचे कपडे घातले.

येताना इगतपुरीला गाडी थांबली होती. बाहेर पाऊस आणि धुकं, चहावाला खिडकीशी. कप हातात धरून तू म्हणालास, "त्या बाईंना मी राणीचं सांगणार होतो." मी म्हणालो, "सांगितलं असतंस तर चित्रं डोक्यावर घेऊन परत यावं लागलं असतं." तू मान हलवलीस. घोटी गेलं, अस्वली गेलं, नाशिकरोड आलं. रिक्षात बसताना माझी पिशवी उचलून घेतलीस, माझा खांदा दुखत होता म्हणून.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढं पुतण्यानं तुला त्याच्या फोनवर खरे तिकडचे घोडे दाखवले. पळणारे, थांबलेले, जवळून. तुला कोण आनंद झाला. "आता बरोबर काढतो, मास्तर," म्हणून महिनाभर राबलास आणि एक चित्र केलंस, सरळ कानांच्या घोड्याचं. चारी पाय जमिनीवर, मान खाली, स्वार उतरून त्याच्या गळ्यावर हात ठेवून उभा. ते मुंबईला गेलं आणि परत आलं. सोबत निरोप, की चित्र सुंदर आहे, पण रघुनाथरावांची ती गंमत यात दिसत नाही.

तू मला बोलावलंस. मी चित्र बघितलं आणि म्हणालो, "त्यात काय, कान वळव. काम होईल."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बारीक ब्रश घेतलास, पांढऱ्यात थोडा तपकिरी मिसळलास आणि प्रत्येक कानावर दोन-दोन फटकारे मारलेस. कान वळले. "राणीचे कान मी बघून काढले होते," तू म्हणालास. "हे न बघता काढले." तेवढ्यात वीज आली, मोटार सुरू झाली आणि तू फावडं घेऊन बाहेर गेलास.

ते चित्र विकलं गेलं. त्यानंतर गेली कित्येक वर्षं तू प्रत्येक घोड्याचे कान ठरवून वळवत राहिलास. आधी ती चूक होती आणि तुझी होती. नंतर ती करावी लागायची, माझ्यामुळं. तू कधी म्हणाला नाहीस, पण कान तू सगळ्यात शेवटी काढायला लागलास, हे माझ्या लक्षात आलं होतं.

गेल्या वर्षी मृणाल मळ्यात आली होती तेव्हा तिनं तुला फोनवर जगभरातली नवी चित्रं दाखवली. काऊबॉय म्हणे सगळीकडे परत आलाय. कुणी गुलाबी टोपीचा काढलेला, कुणी खोगिरावर बाई बसवलेली, कुणी काळे स्वार, कुणी नुसती रिकामी टोपी आणि बूट. तिकडची विशी-पंचविशीतली पोरंही त्याला सोडत नाहीत. "प्रत्येक जण त्याच्यातून काहीतरी वेगळं म्हणतोय," ती म्हणाली. तू चष्मा लावून एकेक नीट बघितलंस. मग म्हणालास, "लय भारी काढतात. पण सगळे डोळा मारतात. एवढा आवडतो तर सरळ काढायला काय झालं?" मृणाल खळखळून हसली. तिला वाटलं, रघुनाथरावांचा आणखी एक विनोद. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी मळ्याकडे बघितलं.

एवढं तुझ्याशी बोलून झालं, आणि न राहवून परवा मी मृणालला फोन केला. सगळं सांगितलं. राणी, पंचवटी, वरात, मी मारलेली थाप, आणि ते कान वळवायला लावलेलं चित्र. शेवटी म्हणाली, "सर, म्हणजे त्यांना तो खरंच आवडायचा?"

"खरंच. बाकी काही नाही."

"मग मला एक सांगू द्या. त्या दिवशी मी त्या चित्रांसमोर थांबले ती कानांमुळं नाही. कान मला नंतर दिसले. तो माणूस बघून मला एकदम सगळं सोडून कुठं तरी जावंसं वाटलं होतं. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, आणि काऊबॉय आवडला म्हणून घेऊ या, असं मी गॅलरीत कुणाला सांगणार होते? मी कारण शोधत होते. तुम्ही दिलंत."

म्हणजे बघ रघू, त्या दिवशी त्या चित्रांपुढं आपण तिघं उभे होतो, आणि त्यातले दोघे जाणते होते म्हणून खोटं बोलत होते.

"सर, आता तुम्हाला वाटेल ते लिहा," ती म्हणाली. "माझा कागद फाडून टाका. माझ्या वरिष्ठांचं मी बघते." माझ्या मनात तिच्याबद्दल थोडा राग होता, तो मावळला.

मग लिहिलं. दोन दिवस लागले दीडशे शब्दांना. रघुनाथरावांना काऊबॉय मनापासून आवडत असे. घोडा ते पंचवटीतल्या वरातीच्या घोडीवरून शिकले, म्हणून त्यांच्या घोड्यांचे कान असे आहेत. त्यात विनोद नाही. विनोदाची गोष्ट त्यांच्या मित्रानं रचली आणि ती चुकीची आहे. डोंगर चांदवडचे आहेत. बंदूक त्यांनी समजून उमजून काढून टाकली. साधं लिहिलं, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं. आज दुपारी ते घेऊन मळ्यात गेलो.

वहिनी ओटीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, वाचा. मी वाचलं. हात न थांबवता त्यांनी ऐकलं. थट्टेचं ते सगळं मिटवलंय हे ऐकून त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बरं झालं भाऊजी. त्यांना ते लय लागायचं. मुंबईचा इंग्रजी कागद आला की वाचून घ्यायचे पुतण्याकडून आणि गप बसायचे."

मला वाटलं, सुटलो.

जुडी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "समदं बरोबर हाय. पण तुम्हाला आवडायची का ती चित्रं? ते नाय लिहिलं कुठं."

मी म्हणालो, "भिंतीवरच्या मजकुरात असं लिहीत नाहीत, वहिनी."

"तसं असंल," त्या म्हणाल्या. "मी आपलं विचारलं. नवं चित्र झालं की ते तुम्हाला बोलवायचे ना, तर तुम्ही गेल्यावर घरात आले की मी रोजच्यासारखं विचारायची, काय म्हणले मास्तर? तर म्हणायचे, कान बघितले, डोंगर बघितले, चहा घेतला. चांगलं झालंय असं काय म्हणला नाय अजून. पुढच्या टायमाला म्हणंल."

चाळीस वर्षं, रघू. पुढच्या टायमाला मी म्हणेन म्हणून तू मला बोलावत राहिलास, आणि मी दर वेळी तुझ्या टोपीची, बंदुकीची आणि कानांची झडती घेऊन, चहा पिऊन परत आलो. घरी आल्यावर माझ्या घाटांकडे बघवत नसे. तुझ्या माणसाकडे मी का बघत राहायचो, घोडा जिकडे निघालाय तिकडे काय असेल हा विचार रात्रभर का करायचो, हे मी तुला तर सोडच, मला स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुझी चित्रं चांगली होती. माझ्यापेक्षा फार चांगली होती. तुला हे माझ्याकडूनच ऐकायचं होतं, आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिथंच ओटीवर बसून, वहिनींकडून पेन मागून घेऊन मी कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली. शब्द दीडशेच्या वर गेले, जाऊ देत. मृणालला सांगून ठेवलंय की बाकी काही कापलं तरी चालेल, ही ओळ कापायची नाही. ती अशी आहे: ही सगळी चित्रं मी सगळ्यांच्या आधी बघितली, मला ती फार आवडत होती, आणि हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.